ऑपरेशनच्या आधीची अठाई

५ ऑगस्ट, मंगळवार

एकशे एकवीस किलो चारशे ग्रॅम. नर्सने आकडा मोठ्याने वाचला.

धुळ्याला दाखवायचं ठरवलं ते यासाठीच. जळगावात कुणी असा वाचला असता तर संध्याकाळपर्यंत दाणाबाजारात पोचला असता. घरी सांगितलं, प्रकाशला धुळ्याला काम आहे, मी सोबत जातेय. सासूबाई म्हणाल्या, "गाडीत पुढे बस, मागे गुडघे दुमडत नाहीत तुझे." त्यांचं लक्ष असतं.

डॉ. बोरसे तरुण आहेत. कागदावर पोट काढलं. पिशवी, एका अंगाने फुगलेली. शेजारी तेच पोट पुन्हा, मग पुन्हा. प्रत्येक वेळी वेगळी रेघ मारली.

आधी फुगा. तोंडावाटे आत सोडायचा, सहा महिने किंवा वर्षाने काढायचा. कापाकापी नाही. माझा नवरा प्रकाश लगेच म्हणाला, "हेच करू ना!" डॉक्टरांनी मान हलवली. फुगा निघाला की वजन परत यायला वाट मोकळी, आणि यांच्या वजनाला तो पुरणारही नाही. दुसरं स्लीव्ह. पोटाचा पाऊण हिस्सा, त्याहूनही थोडा जास्तच, कापून बाहेर. उरतं ते केळ्याच्या आकाराचं. "जळगावच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं." कापलेलं परत जोडता येत नाही. तिसरं बायपास. वर लिंबाएवढी पिशवी ठेवतात, आतडं खालून आणून तिला जोडतात. मोठं पोट आतच राहतं, पण अन्न त्याच्याकडे जात नाही. साखरेला हे जास्त चांगलं. गोळ्या दोन्हींत जन्मभर, यात अधिक काटेकोर. पूर्वी पट्टाही बांधत. आता फारसा कुणी बांधत नाही.

"आणि काहीच नाही केलं तर?" मी विचारलं.

झोपेच्या तपासणीचा कागद त्यांनी माझ्याकडे फिरवला. माझा श्वास झोपेत तासाला अठ्ठेचाळीस वेळा अडतो. "ऑपरेशनमध्ये धोका आहे. थांबण्यातही आहे. मी दोन्ही सांगतो, निवड तुमची."

कागद घरी आणला. या वहीत ठेवला आहे. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, वहीत मराठी. इथे कुणी येत नाही.

६ ऑगस्ट

केळं हातात घेऊन बसले होते. खाल्लं नाही. नुसतं धरलं.

९ ऑगस्ट

आयुषीचा फोन. लेक पुण्याला शिकते; तिथला पाऊस, मेसचं जेवण, कुठल्याशा सादरीकरणाची तारीख. मी "हो का, हो का" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर तिचा फोटो उघडून पाहिला. चुलत भावाच्या लग्नातला. तिच्या खांद्यावर एक हात आहे. माझा. हिरव्या बांगड्या. हाताच्या पुढे फोटो कापला आहे.

एकोणीस वर्षांची आहे. मी तिच्या वयाची असते तर मीही कापला असता.

ती बारावीला होती तेव्हा शाळेच्या समारंभाला मी निघाले, तर म्हणाली, "मम्मी, तिथे खुर्च्या हाताच्या आहेत गं. तुला त्रास होईल." खरंच काळजीने म्हणाली. मी घरी थांबले. त्या दिवशी बाट्या केल्या होत्या. किती खाल्ल्या ते लिहीत नाही.

१४ ऑगस्ट

पुन्हा धुळे. पारोळ्याच्या पुढे रस्ता खणलेला, दोन तास लागले.

प्रश्न लिहून नेले होते. सूर्यास्तानंतर आम्ही पाणीही घेत नाही, चालेल? — पहिले काही महिने अजिबात नाही. घोट घोट, दिवसभर, रात्रीही. व्हिटॅमिनच्या कॅप्सूलचं आवरण कशाचं असतं? — याचं उत्तर त्यांना माहीत होतं. शाकाहारी मिळतात, आमचे बरेच पेशंट जैन आहेत. उपवास? — एखाद्या दिवसाचा, वर्षभराने, मला विचारून. आठ दिवसांची अठाई, महिन्याचं मासखमण, असलं काही पुढे कधीच नको.

"तुम्ही करता का अठाई?"

"नाही. मी कधी केली नाही."

आमच्या घरात हे वाक्य विचित्र वाटतं. सासूबाईंच्या एकवीस अठाया झाल्या. एकदा पूर्ण महिनाभर. बैठकीत त्यांचा फोटो आहे, गळ्यात हार, कपाळाला कुंकवाचा टिळा, गाल बसलेले. पाहुणे आधी त्या फोटोला हात जोडतात, मग सोफ्यावर टेकतात. स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानी, म्हणतात, गुलाबबाईंनी भूक जिंकली.

शेवटी डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यातून जात नाही. पोटाच्या वरच्या फुगीर भागातून भूक उठवणारा रस निघतो. स्लीव्हमध्ये तो भागच जातो. "पुष्कळांना काही महिने भूक लागतच नाही. आठवण ठेवून खावं लागतं. पुढे थोडी परत येते."

येताना प्रकाश गाणी लावून होता. मी विचार करत होते, भूक नसलेली मी कोण? सकाळी उठून मी काय करेन?

तारीख ठरली. २ सप्टेंबर. त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ, म्हणजे लिव्हर आक्रसतं आणि त्यांना पोट दिसतं. पावडरचे डबे, ताक, डाळीचं गाळलेलं पाणी. साखरेच्या गोळ्या निम्म्या. प्रकाश म्हणाला, "छान आहे. मधे पजूसण येतं. पर्युषणात घरात कोण जेवलं, कोण नाही, कुणाचं लक्ष नसतं." मला पटलं. घरी पित्ताशयाचे खडे सांगायचं ठरलं.

१९ ऑगस्ट

पहिला दिवस. व्हॅनिला. खडू पाण्यात कालवल्यासारखी चव. बाथरूममध्ये उभ्याने प्याले, नळ सोडून.

२० ऑगस्ट

पर्युषण लागलं. ताटावर बोलावलं तेव्हा म्हणाले, "आज नाही जेवत." कुणी काही विचारलं नाही. प्रकाशने डोळा मारला.

२१ ऑगस्ट

आजही नाही जेवले. सासूबाईंनी माझं ताट उचलून परत मांडणीवर ठेवलं. ठेवताना थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. फार दिवसांनी कुणी असं पाहिलं.

आमच्याकडे धुणीभांडी करणारी बेबाबाई मात्र म्हणाली, "ताई, बठ्ठं घर खाई ऱ्हायनं, तुम्हीच उपाशी?" मी म्हटलं, भूक नाही. ती हसली. "पोट शे तं भूक लागीच."

२२ ऑगस्ट, शुक्रवार



सकाळी सासूबाई म्हणाल्या, "चल स्थानकात." गेले. जमिनीवर बसता येत नाही म्हणून मागे खुर्चीवर बसते, म्हाताऱ्यांच्या रांगेत. प्रवचन संपलं. साध्वी महासतीजी विचारू लागल्या, कुणाला कितवा उपवास. एकेक जण उभा राहतो, त्या पच्चक्खाण देतात, म्हणजे त्या दिवसाचं व्रत बांधून देतात. पुढच्या ओळीत सासूबाई उठल्या आणि वळून माझ्याकडे बोट केलं.

"म्हारी बींदणी रे तेलो है."

माझ्या सुनेला तेला. तिसरा उपवास.

दोनशे बायका वळल्या. मला खुर्चीतून उठायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्या तेवढा वेळ पाहत राहिल्या. उठले. हात जोडले. महासतीजींनी व्रत दिलं. मी एक शब्द बोलले नाही. सकाळी सातला बाथरूममध्ये पावडर प्यायले होते.

बाहेर पडताना सुनंदाबाई, रतिलालकाकांची बायको, माझ्या पाया पडली. माझ्या!

प्रकाशला सांगितलं. तो आधी हसला, मग हसू थांबलं. "आता काय करायचं?" म्हणाला. मला विचारतो!

२३ ऑगस्ट

चौथा. पुन्हा उभी राहिले.

दुपारपासून माणसं येताहेत. सुखसाता, म्हणजे उपवास करणाऱ्याची खुशाली, विचारायला. रतिलालकाका दाणाबाजारातले, तोंडाने फटकळ. गेल्या वर्षी तपस्वींच्या मिरवणुकीत मी मागून चालत होते तर म्हणाले होते, "सोनल, तुझ्यावर वेळ आली तर घोडा नाही, ट्रॅक्टर सांगावा लागेल." सगळे हसले होते. मीही. आज दारातच चपला काढून, टोपी सारखी करून आले. "धन्य आहे, बेटा," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

सासरे लखीचंदजी माझ्याशी कामापुरतं बोलतात. आज खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "पंखा वाढवू का?"

संध्याकाळी आयुषीचा फोन. दादीने तिला सांगितलं. रडतच होती. "मम्मी, तू मला सांगितलंसुद्धा नाहीस! मी स्टेटस ठेवलंय. बघ ना."

पाहिलं. माझा पूर्ण फोटो. पंधरा वर्षांपूर्वीचा नाही, दिवाळीतला. पिवळी साडी, दोन्ही दंड, हनुवटी, सगळी मी. खाली लिहिलंय — माझी तपस्वी आई.

तो चोवीस वेळा उघडला असेल.

पाच वाजता बाथरूममध्ये गेले. पावडर कालवली. प्याले. आरशाला पाठ करून.

२४ ऑगस्ट, रविवार

पाचवा.

आज डबा उघडला नाही. उकळून गार केलेलं पाणी, सूर्य असेपर्यंत. बाकी काही नाही. खऱ्या माणसांसारखं.

हिशोब साधा आहे. ऑपरेशननंतर मला कधीच उपवास करता येणार नाही. म्हणजे जो करायचा तो आता. पहिले चार दिवस खोटे आहेत, ते खरे होणार नाहीत. पण पुढचे चार माझे असू शकतात. साखरेची गोळी घेतली नाही — की घेतली? सकाळी सवयीने घेतली बहुतेक.

भूक दुपारी बारापर्यंत ओळखीची होती. मग अनोळखी झाली. तिला वास असतो. खालच्या घरी कुणीतरी तुपात जिरं टाकलं, मी खुर्चीवर बसल्या जागी पुढे झुकले. बाटी आठवली. फोडल्यावर आतून निघणारी वाफ, वरून वरणाची धार. आईच्या हातची, पाचोऱ्याच्या घरातली. आई "अजून एक घे" म्हणायची तेव्हा माझ्याकडे पाहायची नाही, ताटाकडे पाहायची. तिच्यानंतर तसं कुणी म्हटलं नाही. मी स्वतःच म्हणत आले. अजून एक घे, सोनल.

डॉक्टरांच्या चित्रातला वरचा फुगीर भाग. हे सगळं तिथे असेल तर तो गेल्यावर आई कुठे राहील? — मूर्खासारखं लिहिलं. राहू दे.

२५ ऑगस्ट

सहावा. पाणी. स्थानकात उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा मान वर होती.

२६ ऑगस्ट

सकाळी न्हाणीघरात खाली बसले ते उठता येईना. घाम. बेबाबाईने आरडाओरडा केला. प्रकाश दुकानातून आला, बोटाला सुई टोचली. साखर बावन्न. त्याने दार लावलं, ग्लुकोजचं पाणी माझ्या तोंडाशी धरलं. मी दात मिटले. त्याने माझं नाक दाबलं, लहान मुलाचं दाबतात तसं. प्याले.

"गोळी घेऊन उपाशी राहिलीस? मरायचंय?"

"दोनच दिवस उरले होते."

"कशाचे? सोनल, तू पावडरवर आहेस! तू अठाईवर नाहीस!"

तो ओरडला तेव्हा वाटलं, घरभर ऐकू गेलं. नव्हतं गेलं. त्याने धुळ्याला फोन लावला. तिथल्या आहारतज्ज्ञ सरितामॅडम शांतपणे बोलल्या. गोळी बंद, पावडर आत्ताच्या आत्ता, दर दोन तासांनी साखर मोजा. "डॉक्टरांना सांगावं लागेल. असंच चाललं तर तारीख रद्द करतील."

प्याले. खडू. इतकं गोड कधी काही लागलं नव्हतं.

चार वाजता बायका गीत गायला आल्या. मेंदी आणली होती. माझा तळहात हातात घेऊन सुनंदाबाई म्हणाली, "किती तेज आलंय चेहऱ्यावर!"

२७ ऑगस्ट, संवत्सरी

सासूबाईंनी माझ्यासाठी साडी काढून पलंगावर ठेवली. स्वतःची, लाल काठाची. आठवं पच्चक्खाण, मग उद्या मिरवणूक आणि पारणं. पदर नीट करत होत्या, त्यांची पाठ माझ्याकडे होती. पाठीला सांगितलं.

"बाई, माझी अठाई खोटी आहे."

वळल्या नाहीत. मी सगळं बोलत गेले. पावडर, बाथरूम, धुळे. वहीतला कागद आणून दाखवला, हे पोट, इथून कापतात, हे राहतं. हा भाग जातो, भुकेचा. हे खडे-बिडे काही नाहीत. दोन दिवस खरे केले, तेही पुरे झाले नाहीत. माझं बोलणं संपेना.

त्या कागद पाहत राहिल्या. बोट ठेवून, रेघेवरून. मग घडी करून माझ्या हातात दिला, साडी उचलली आणि एकट्याच स्थानकात गेल्या.

संध्याकाळी प्रतिक्रमणाच्या विधीनंतर घरात सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागितली. मिच्छामि दुक्कडं. लखीचंदजींनी मला हात जोडले, मी त्यांना. सासूबाई समोर आल्या. हात जोडले. ओठ हलले नाहीत.

२८ ऑगस्ट

मिरवणूक गल्लीतून गेली. खिडकी लावून घेतली, तरी बँड ऐकू येतो.

काल स्थानकात काय झालं ते सुनंदाबाईकडून कळलं. सासूबाई सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुनेचं तप झालं नाही. तिने सांगितलं नव्हतं, मीच तिला उभं केलं. दोष माझा." आणि प्रायश्चित्त म्हणून स्वतः तेला घेतला. आजपासून तीन दिवस. अडुसष्टाव्या वर्षी.

सुनंदाबाई पाया पडली नाही. जाताना जिन्यात रतिलालकाकांशी बोलत होती. काकांचा आवाज खाली राहत नाही — "एवढा साठा अंगावर, आणि आठ दिवस निघाले नाहीत?"

आयुषीला मीच फोन केला. खरं सांगितलं.  ती म्हणाली, "स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जातं, मम्मी. ते कधीच गेलं." आणि मग, "ऑपरेशनला येऊ का मी?" मी म्हटलं, परीक्षा आहे ना तुझी. ती म्हणाली, हो, आहे.

"हो" इतक्या लगेच म्हणाली!

२९ ऑगस्ट

सासूबाई बोलत नाहीत. उकळलेलं पाणी पातेल्यात गार होत असतं, त्या त्याच्याकडे बघत बसतात. मी स्वयंपाकघरातच उभ्याने पावडर पिते. आता लपवायचं काय.

३० ऑगस्ट

धुळ्याला जाऊन तपासणी. साखर ताब्यात. डॉक्टर रागावले, तरी तारीख ठेवली. संमतीपत्रावर प्रकार लिहायचा होता. प्रकाश अजूनही फुग्यावर. "बायपास साखरेला बरा," डॉक्टर म्हणाले, "पण तुमची साखर जुनी नाही, जळजळही नाही. स्लीव्ह पुरेल. मी मात्र कोणत्याही एकासाठी ढकलणार नाही."

विचारलं, "कापलेलं कुठे जातं?"

"तपासायला पाठवतो. नंतर नष्ट करतात."

बायपासमध्ये ते आत राहिलं असतं. बंद खोलीसारखं. मला ते ठेवायचं होतं, खरंच ठेवायचं होतं. पण पाच दिवस लोक माझ्या पाया पडत होते ते मी भूक सोडली म्हणून, आणि मी सोडली नव्हती. तिला धरून बसले होते.

स्लीव्ह लिहिलं. सही केली.

परतताना एरंडोलला बाट्या भाजल्याचा वास. प्रकाशने काच वर केली. मी खाली केली.

१ सप्टेंबर

सकाळी गाडी काढली तर सासूबाई आधीच मागच्या सीटवर. पारणं काल झालं. मांडीवर पिशवी, माळ, पाण्याची बाटली. लखीचंदजी म्हणाले, "खड्यांच्या ऑपरेशनला तुझं काय काम?" त्यांनी माळ हातात घेतली. धुळ्यापर्यंत गप्प. मी विचार करत होते, येताहेत कशासाठी? साक्षीला? लाज राखायला? मी रस्ताभर वाट पाहिली, त्या काहीतरी बोलतील. शिवी तरी.

हॉस्पिटलात खोली दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी चादर झटकून पलंगावर घातली, मी बसले.

२ सप्टेंबर, मंगळवार

साडेसातला नेणार आहेत. गाऊन घातला. सासूबाईंनी प्रकाशला खाली पाठवलं, दार लोटलं, माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"ते भुकेचं जे काढतात म्हणालीस," हळूच म्हणाल्या, "नुसतं तेवढंच काढून मिळतं का? माझ्या वयाला?"

मला वाटलं, चेष्टा. हसले. त्या हसल्या नाहीत.

"सोळा वर्षांची होते पहिल्या अठाईला. त्यानंतर भूक एक दिवस गेली नाही गं. डॉक्टरला विचारशील? माझं नाव सांगू नको."